इलेक्ट्रिक ब्लूज ऐकायचाय? मग अल्बम या क्रमाने लावा

२०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला. मित्राकडे एक पास जास्तीचा होता, एवढ्याच भांडवलावर मी बडी गाय या शिकागोच्या ब्लूज गिटारवाल्याला ऐकायला गेलो. (हो, मराठीत लिहिलं की नाव असं दिसतं. एकदा काय ते हसून घ्या, पुढे बऱ्याचदा येणार आहे.) पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, पण गिटारची एक तार दाबून असा काही विव्हळायला लावायचा की शेजारचा अनोळखी माणूसही माझ्याकडे बघून मान हलवत होता.

घरी येऊन लॅपटॉपवर त्याचं नाव टाकलं तर अल्बमांची ही रांग. सगळ्यात वरचं ‘बेस्ट ऑफ’ लावलं. दहाव्या गाण्यापर्यंत सगळी गाणी एकच वाटायला लागली आणि तीन दिवसांत मी गाशा गुंडाळला. पुन्हा वळलो ते वर्षभराने, आणि तेव्हाही बराच काळ उलट्यासुलट्या क्रमाने ऐकण्यात वाया घालवला. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

चूक कुठे झाली होती ते आधीच सांगतो. मी गिटार ऐकत होतो. ब्लूज हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा, सवाल-जवाबाचा प्रकार आहे: गळा एक ओळ म्हणतो, वाद्य तिला उत्तर देतं. लावणीच्या फडात सवाल टाकल्यावर समोरून काय येतंय याकडे कान लागतात ना, तसे कान लावले की हीच ‘एकसारखी’ गाणी वेगळी व्हायला लागतात.

आधी हे जवळ ठेवा

- बऱ्यापैकी हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर बेस आणि ड्रमचा मोठा ढोल ऐकूच येत नाहीत, आणि सगळी चाल तर त्यांच्यावरच उभी असते.
- कुठलंही एक स्ट्रीमिंग अ‍ॅप. खाली दिलेले बहुतेक अल्बम सापडतील.
- डिस्कॉग्स ही वेबसाइट. अ‍ॅपवर फक्त मुख्य गायकाचं नाव दिसतं. माउथऑर्गन कोणी वाजवला, रेकॉर्डिंग कुठल्या साली झालं, हे पाहायला तिथे रेकॉर्डच्या पाठच्या कव्हरचे फोटो मिळतात.
- एक वही. तीन आठवड्यांत नावांची खिचडी होते, स्वानुभव.
- सलग चाळीस मिनिटं. जुन्या एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची, दोन बाजू मिळून एक बैठक.

आणि अ‍ॅपमधलं शफलचं बटण बंद करा. ब्लूजमधला शफल वेगळा, तो लगेच येतोच आहे.

१. बारा बार मोजायला शिका

याला अर्धा तास द्या, नंतर फार सोपं जातं. फ्रेडी किंगचं ‘हाइड अवे’ लावा. १९६० मध्ये रेकॉर्ड झालेलं, तीन मिनिटांच्या आतलं, शब्द नाहीत, नुसती गिटार. शिकागोतल्या एका दारूच्या बारच्या नावावरून नाव पडलेलं.

पायाने ठेका धरा आणि चार-चार मोजा. चाराचा एक गट म्हणजे एक बार. असे बारा बार झाले की आवर्तन पुरं, म्हणजे ४८ मात्रा. गाण्याचा मूळ स्वर सा धरा. पहिले चार बार सगळा संच सा वर बसलेला असतो. पाचवा-सहावा म वर. सातवा-आठवा परत सा. नववा प वर, दहावा म वर, अकराव्याला घरी परत. बाराव्यात पुन्हा प ला स्पर्श करून पुढच्या समेकडे ढकलणारी एक छोटी जागा असते, तिला टर्नअराउंड म्हणतात. मुखडा घेऊन समेवर येण्याची सवय असलेल्या कानाला ती पटकन सापडते.

शफल म्हणजे काय? एका मात्रेचे तीन भाग करा आणि मधला गाळा. डा-ऽ-ड, डा-ऽ-ड. लंगडी घालत पळाल्यासारखी लय.

आता शब्द असलेल्या गाण्यात हेच बघा. पहिली ओळ पहिल्या दोन बारमध्ये संपते, तिसरा-चौथा बार गिटारला मोकळा. तीच ओळ पुन्हा पाचव्या-सहाव्यात, पुन्हा दोन बार मोकळे. तिसरी ओळ वेगळी, ती नवव्या-दहाव्यात, की परत उत्तर. म्हणजे जवळजवळ अर्धं गाणं उत्तरासाठी राखून ठेवलेलं असतं. आपल्या बैठकीत पेटीवाला गायकाच्या मागून सावलीसारखा येतो. इथे वाद्य मागून येत नाही, समोर बसतं आणि कधीकधी उलट बोलतं.

इथे सापळा एकच. सगळी गाणी बारा बारांत बसत नाहीत. काहींत दुसऱ्याच बारला म वर उडी असते, मडी वॉटर्सचं ‘हूची कूची मॅन’ सोळा बारांचं आहे आणि हाउलिन वुल्फचं ‘स्मोकस्टॅक लाइटनिंग’ एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावर) डुलत राहतं. मोजणी चुकली तर आपलाच कान कच्चा असं समजू नका.

२. पहिला अल्बम: ‘लाइव्ह अ‍ॅट द रीगल’

बी. बी. किंग. शिकागोचं रीगल थिएटर, २१ नोव्हेंबर १९६४ चा कार्यक्रम, १९६५ मध्ये बाजारात आला. दहा गाणी, पाऊण तासाच्या आत. नवशिक्याला मी हाच का देतो? प्रेक्षकांमुळे. कुठे दाद द्यायची हे तेच शिकवतात.

चौथं गाणं ‘हाउ ब्लू कॅन यू गेट’ नीट ऐका. संथ लय. माणूस बायकोची गाऱ्हाणी सांगतोय: मी हे आणून दिलं, ती असं म्हणाली, मी ते दिलं, ती तसं म्हणाली. एका जागी संच एकदम थांबतो. एक ओळ, मग दणका. पुन्हा ओळ, पुन्हा दणका. दर ओळीला बायकांचा आरडाओरडा चढत जातो आणि शेवटच्या गाऱ्हाण्याला थिएटर फुटतं की काय असं वाटतं. शब्द नाही कळले तरी चालेल, गर्दी समजावून सांगते.

दुसऱ्या ऐकण्यात गिटारकडे वळा. बी. बी. गाताना सहसा वाजवत नाही, वाजवताना गात नाही. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. तार बोटाने सरकवून वरचा स्वर गाठतो आणि तिथे मनगट हलवून तो थरथरवतो. मींड आणि आंदोलन म्हणा हवं तर. त्याचा नातलग बुका व्हाइट तारेवर धातूची नळी घासून वाजवायचा; ते आपल्याला जमत नाही म्हणून हा थरथराट शोधला, असं बी. बी. स्वतः सांगायचा. गंधार ऐका: कोमलही नाही, शुद्धही नाही, दोहोंच्या मधे कुठेतरी. पेटीवर न सापडणारा. ‘ब्लू नोट’ म्हणतात तो हाच.

आठवडाभर हा एकच अल्बम लावा. दुसरा लावण्याची घाई नको.

३. मागे जा: मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, लिटल वॉल्टर

मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांतून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या कारखान्यांकडे गेली. मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला पोचला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांत इतका गोंगाट की लाकडी गिटार ऐकूच येईना. ती विजेवर आली त्यामागचं कारण इतकं साधं आहे. १९४८ मध्ये ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ आलं, दोन-चार माणसांचा संच हळूहळू मोठा झाला, आणि लिटल वॉल्टरने माउथऑर्गन मायक्रोफोनसकट मुठीत धरून तो अ‍ॅम्पमधून, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमधून, फुंकायला सुरुवात केली. १९५२ चं त्याचं ‘ज्यूक’ ऐका. माउथऑर्गन सॅक्सोफोनसारखा जाडजूड वाजतो. (ब्लूजवाले त्याला ‘हार्प’ म्हणतात. नावं वाचताना वीणा डोळ्यांसमोर आणू नका.)

इथे अल्बम शोधणाऱ्यांची हमखास फसगत होते. त्या काळी ब्लूज विकला जायचा तो तीन मिनिटांच्या तबकडीवर, एकेक गाणं. एलपी नंतर आल्या आणि त्यांत आधीची गाजलेली गाणी भरली गेली. त्यामुळे १९५८ च्या ‘द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स’ला ‘संकलन काय ऐकायचं’ म्हणून टाळू नका. ती त्याची पहिलीच एलपी आहे: १९४८ ते १९५४ मधली बारा गाणी. वुल्फचा १९५९ चा ‘मोनिन इन द मूनलाइट’ आणि कव्हरवर झुलती खुर्ची असल्यामुळे ‘रॉकिंग चेअर’ म्हणून ओळखला जाणारा १९६२ चा अल्बम, दोन्ही तसेच.

ऐकताना वहीत एक नाव लिहून ठेवा: विली डिक्सन. मडीचं ‘हूची कूची मॅन’ त्याचं, ‘रॉकिंग चेअर’वरची बहुतेक गाणी त्याची, आणि बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये मागे डबल बेस घेऊन उभाही तोच. वुल्फचा गिटारवाला ह्यूबर्ट समलिन हाही लक्षात ठेवा. वुल्फच्या खरखरीत आवाजापुढे तो दोन-तीन स्वर तिरके फेकतो आणि गप्प बसतो. मला विचाराल तर या सगळ्या काळातली सगळ्यात हुशार गिटार त्याची.

मडीचा प्रत्यक्ष कार्यक्रम ऐकायचा असेल तर ‘अ‍ॅट न्यूपोर्ट १९६०’. १९६८ चा ‘इलेक्ट्रिक मड’ मात्र आत्ता लावू नका. नावामुळे सगळे तिकडेच धावतात. तो त्या काळच्या सायकेडेलिक रॉकच्या कपड्यांत बसवलेला मडी आहे. नंतर गंमत म्हणून ऐका.

४. ‘हूडू मॅन ब्लूज’: इथे थांबा, बसा

मला एकच अल्बम ठेवायला सांगितला तर मी हा ठेवीन. ज्युनियर वेल्स गळ्यावर आणि माउथऑर्गनवर, बडी गाय गिटारवर, जॅक मायर्स बेसवर, बिली वॉरन ड्रमवर. चारच माणसं, पियानो नाही. सप्टेंबर १९६५, डेलमार्क कंपनी. तिचा मालक बॉब केस्टर शिकागोत जॅझच्या रेकॉर्डचं दुकान चालवायचा. तबकडीवर बसतील अशी तीन मिनिटांची गाणी करा, असा आग्रह त्याने धरला नाही. रात्री क्लबात वाजवता तसं वाजवा म्हणाला. शिकागोच्या क्लबमधला संच अल्बम म्हणूनच रेकॉर्ड झाला, अशा पहिल्या काही नोंदींपैकी ही एक.

पहिल्या आवृत्तीच्या कव्हरवर गिटारवाल्याचं नाव ‘फ्रेंडली चॅप’ असं छापलंय. बडी तेव्हा चेसशी, म्हणजे मडी आणि वुल्फच्याच रेकॉर्ड कंपनीशी, बांधलेला होता, म्हणून हे टोपणनाव. ‘बडी’ म्हणजे दोस्त, ‘गाय’ म्हणजे गडी, त्याचं हे शब्दशः रूप. लपवायचंय आणि सांगायचंही आहे असा प्रकार.

रेकॉर्डिंग चालू असताना बडीचा अ‍ॅम्प बिघडला. रेकॉर्डिंग करणाऱ्याने गिटारची वायर हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरला जोडून दिली. या पेटीत भोंगा गरगर फिरतो, त्यामुळे आवाज पाण्याखालून आल्यासारखा लहरतो. काही गाण्यांत गिटार मधेच अशी ओली, डोलणारी का होते याचं मला कोडं होतं. कारण कळल्यावर मी तीच गाणी तीनदा लावली.

हेडफोन इथे कामाला येतात. बडी किती कमी वाजवतो ते बघा. २०११ मध्ये मी ऐकलेला किंचाळणारा बडी इथे औषधालाही नाही. वेल्स गात असताना तो कोपऱ्यातून एखादा तुकडा टाकतो, वेल्सने श्वास घेतला की दुसरा. अधूनमधून वेल्स तोंडाने चक्-चक् असे आवाज काढतो, तेही ठेक्यातच.

५. आता फाटे फुटतात

हे तीन अल्बम कुठल्याही क्रमाने ऐका.

‘वेस्ट साइड सोल’, मॅजिक सॅम, १९६७. गळा गोड, उंच, चर्चच्या वळणाचा, गिटार लखलखीत. १९६९ च्या डिसेंबरात हा माणूस गेला, वय ३२.

‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’, अल्बर्ट किंग, तोही १९६७ चा, पण मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचा. त्यामुळे मागे ब्रास आणि सोलचा ठेका. अल्बर्ट डावखुरा, उजव्या हाताच्या माणसाची गिटार तशीच उलटी धरायचा, म्हणजे बारीक तारा वर. इतर लोक तार वर ढकलतात, हा खाली ओढायचा. म्हणून त्याचा ओढलेला स्वर इतका जड वाटतो. नंतरच्या रॉकवाल्या गिटारिस्टांनी सर्वांत जास्त उचललं असेल ते याचंच.

‘हाउंड डॉग टेलर अँड द हाउसरॉकर्स’, १९७१. दोन गिटार, एक ड्रम, बेस नाहीच. स्वस्त गिटार, फाटका अ‍ॅम्प, आणि नाचायला भाग पाडणारा गोंधळ. हा एक अल्बम काढण्यासाठी ब्रूस इग्लॉअर नावाच्या तरुणाने शिकागोत अ‍ॅलिगेटर कंपनी सुरू केली. ती आजही चालू आहे आणि पुढच्या पायऱ्यांवर तुम्हाला सारखी भेटेल.

नावांचा घोळ इथे सुरू होतो, म्हणून वही काढा. बी. बी., अल्बर्ट आणि फ्रेडी हे तिघे किंग एकमेकांचे कोणी नव्हेत. गायिका कोको टेलर आणि हाउंड डॉग टेलर यांचंही नातं नाही. सनी बॉय विल्यमसन नावाचे दोन वेगळे माउथऑर्गनवाले होऊन गेले; दुसऱ्याने पहिल्याचं नाव सरळ उचललं. अ‍ॅपवर दोघांची गाणी एकाच पानावर कोंबलेली असतात. आजची गायिका शेमिकिया कोपलंड मात्र खरोखरच गिटारवाल्या जॉनी कोपलंडची मुलगी.

६. १९७७ ते १९९१, भराभर

मडीचा ‘हार्ड अगेन’ (१९७७), निर्माता जॉनी विंटर. साठी ओलांडलेला माणूस पुन्हा गरजतो. अल्बर्ट कॉलिन्सचा ‘आइस पिकिन’ (१९७८), बर्फाचा तुकडा कानाला लावल्यासारखी गिटार. रॉबर्ट क्रेचा ‘स्ट्राँग पर्स्वेडर’ (१९८६), गुळगुळीत निर्मिती, पण गाण्यांतले नायक लबाड. कॉलिन्स, क्रे आणि जॉनी कोपलंड तिघे एकत्र ऐकायचे तर ‘शोडाउन’ (१९८५).

स्टीव्ही रे वॉनच्या ‘टेक्सस फ्लड’पाशी (१९८३) मात्र जरा जपून. अल्बम अस्सल आहे. गायक जॅक्सन ब्राउनच्या लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत दोन-तीन दिवसांत, जवळजवळ मैफिलीसारखा वाजवून काढलेला. सापळा ऐकणाऱ्यासाठी आहे. गिटार शिकणारी मुलं इथून सुरुवात करतात आणि इथेच अडकतात, कारण यानंतर बाकी सगळे हळू वाटतात. तुम्ही पायरी ४ करून आला असाल तर वाचाल.

मग बडी गायचा ‘डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज’ (१९९१). आधीची बरीच वर्षं अमेरिकेत त्याचं रेकॉर्डिंग कोणी करत नव्हतं. त्या साचलेल्या रागासकट हा अल्बम ऐका, आणि लगेच ‘हूडू मॅन ब्लूज’ पुन्हा लावा. सव्वीस वर्षांत तोच हात किती बदलला ते कानाला कळेल.

७. आडवाट: मिसिसिपीच्या टेकड्या

बारा बारांचा कंटाळा आला असेल तर ज्युनियर किंब्रोचा ‘ऑल नाइट लाँग’ (१९९२) आणि आर. एल. बर्नसाइडचा ‘टू बॅड जिम’ (१९९४). दोन्ही फॅट पॉसम या मिसिसिपीतल्या कंपनीचे. इथे कॉर्ड जवळजवळ बदलतच नाही. एक आकृती धरायची आणि तिच्यावर फिरत राहायचं, तानपुऱ्यासारखा एक स्वर कायम खाली. मराठी कानाला हे शिकागोपेक्षा लवकर रुचतं असा माझा अनुभव आहे, माझ्या आईला तीन पायऱ्या कंटाळा आला, किंब्रो लावल्यावर मात्र भाजी निवडता निवडता म्हणाली, “हे बरंय, भजनासारखं चढतंय.”

८. आजची माणसं

क्रिस्टोन ‘किंगफिश’ इंग्रम, जन्म १९९९, क्लार्क्सडेल, मिसिसिपी. मडी वॉटर्स वाढला तो मळा याच गावाला लागून. ‘६६२’ (२०२१) ऐका. नाव तिकडच्या टेलिफोनच्या एरिया कोडचं. गॅरी क्लार्क ज्युनियरचा ‘धिस लँड’ (२०१९) ब्लूजच्या कुंपणाबाहेर बराच जातो, पण शीर्षकगीतातला संताप जुनाच आहे. शेमिकिया कोपलंडचा ‘अमेरिकाज चाइल्ड’ (२०१८) शब्दांकडे लक्ष देऊन ऐका. टेडेस्की ट्रक्स बँडचा ‘रेव्हलेटर’ (२०११) सुझन टेडेस्कीच्या गळ्यासाठी.

याच बँडमधला डेरेक ट्रक्स आपल्या कामाचा. त्याच्या ‘साँगलाइन्स’वर (२००६) नुसरत फतेह अली खान यांच्या कव्वाल्या स्लाइड गिटारवर वाजवल्या आहेत. अली अकबर खान यांच्या कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात तो शिकलाही. स्लाइड म्हणजे पडद्यांशिवाय सरकणं, तेव्हा मींड तिथे घरचीच. आणि आपल्याकडचं म्हणाल तर शिलाँगचा सोलमेट: रूडी वालांगची गिटार, टिप्रिती खारबंगरचा गळा.

विकत घेताना आणि शोधताना

कव्हरवर १९५० च्या दशकातला काळापांढरा फोटो, किंमत कमी, गाणी वीस-पंचवीस, आणि पाठीमागे अगदी बारीक अक्षरांत ‘मूळ कलाकारांनी पुन्हा रेकॉर्ड केलेली’. मी एका दुकानातून अशी सीडी मोठ्या कौतुकाने आणली होती. गळा तोच, पण म्हातारा झालेला, मागे कीबोर्डचा प्लॅस्टिकसारखा आवाज. अ‍ॅपवरही असे अल्बम भरपूर आहेत. गाण्याचं साल आणि कंपनी डिस्कॉग्सवर ताडून बघा, मगच पैसे घाला.

जुन्या मोनो गाण्यांना नंतर खोटा स्टिरिओ केलेल्या आवृत्त्याही टाळा. आवाज दोन्ही कानांत पसरतो आणि मधे पोकळी राहते. आणि नव्या आवृत्त्यांत शेवटी जोडलेली जास्तीची गाणी पहिल्या ऐकण्यात वगळा. अल्बम कुठे संपायचा होता ते कळू द्या.

शिकागोला जाणं झालंच तर

कामानिमित्त किंवा मुलांकडे जाणारे पुष्कळ असतात, म्हणून सांगतो. जूनमध्ये जमत असेल तर शिकागो ब्लूज फेस्टिव्हलला प्रवेश फुकट असतो. साउथ वॉबॅश अ‍ॅव्हेन्यूवर बडी गायचा स्वतःचा ‘लेजंड्स’ क्लब आहे, १९८९ पासूनचा. आधी तारखा पाहून तिकीट काढा.

चेस कंपनीची जुनी इमारत २१२० साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर. आता ती विली डिक्सनच्या नावाने चालणाऱ्या ब्लूज हेवन फाउंडेशनकडे आहे. उघडण्याच्या वेळा बघूनच जा. एक घोळ मात्र करू नका. लोक तिथे उभं राहून भक्तिभावाने हेडफोनवर ‘हूची कूची मॅन’ लावतात. ते १९५४ चं. चेस या इमारतीत आली १९५७ मध्ये. तिथे लावायचा तर वुल्फचा झुलत्या खुर्चीवाला लावा. त्यातली बहुतेक गाणी १९६० आणि ६१ मध्ये याच इमारतीत, जिन्याच्या वरच्या टोकाला रेकॉर्ड झाली आहेत.